नाव न सांगणारे दामलेकाका

दामलेकाकांना पक्षी दिसला, की ते गप्प होत. दुर्बीण आपल्या हातात देत आणि एवढंच सांगत, "ती वाळकी फांदी, तिच्याखाली दोन हात." पुढे आपलं आपण शोधायचं. सापडला, तरी नाव म्हणून सांगत नसत. "नाव कळलं, की माणूस बघायचं थांबतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरी जाऊन पुस्तकात शोधा, नाहीतर बसा बोंबलत.

बँकेच्या बदलीवर ते कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतरही बालीगंजच्या फ्लॅटमध्येच राहिले. पुण्याचे नातेवाईक कपाळाला हात लावत. "तुमच्याकडे माणसं खूप झालीत, पाखरांना पाणी कुठाय?" काका विचारत. मी नोकरीसाठी इथे आले, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहू लागले आणि आपसूक त्यांची शिष्या झाले. दुर्गापूजेची धामधूम ओसरून हवेत जरा गारवा आला, की एका रविवारी काका, विमलकाकू आणि मी टॅक्सी करून शहराबाहेरच्या पाणथळ अभयारण्यात जायचो. काकूंच्या पिशवीत दडपे पोहे असत. पक्ष्यांचं त्यांना फारसं वेड नव्हतं. "मी आपली हा एकच पक्षी बघते," असं त्या काकांकडे हनुवटी करून म्हणत.

एका वर्षी मात्र काका टॅक्सीतच गप्प होते. पाण्यावर कोवळं ऊन उतरलं होतं. जलपर्णीवरून कमळपक्षी चालत होते, शेकाटे लांब तांबड्या पायांनी चिखल तुडवत होते. समोरच्या बांबूवर एक खंड्या येऊन बसला. निळाशार, लाल चोचीचा, शेंबड्या पोरालाही ओळखता येईल असा. काकांनी दुर्बीण खाली केली.

"अगं, हा कोण?"

मला वाटलं, माझी परीक्षा चाललीय. मी त्यांचीच ऐट आणून म्हटलं, "नाव कशाला हवंय? बघत राहा."

ते हसले नाहीत. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "चेष्टा नको गं. सांग. मला येत नाहीये."

"खंड्या, काका."

"खंड्या," ते म्हणाले. "खंड्या." थोड्या वेळाने तोच खंड्या पाण्यात सूर मारून पुन्हा बांबूवर आला आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

काकू पोह्यांचा डबा उघडून तशाच बसल्या होत्या. हे कधीपासून चाललं होतं कोण जाणे! ज्याने कधी नाव सांगितलंच नाही, त्याला ते आठवत नाही हे आम्हाला कळणार कसं? त्यांच्या हट्टाच्या आड त्यांचा आजार निवांत वाढत होता आणि आम्ही दोघी कौतुकाने हसत होतो. परतताना काका टॅक्सीच्या खिडकीतून बोट दाखवत राहिले आणि काकू सांगत राहिल्या: बगळा, पूल, चहाची टपरी, गाय. एकदाही कंटाळल्या नाहीत.

पुढच्या पूजेपर्यंत काका राहिले नाहीत. पाखरं नेहमीसारखी आली असतील. मी गेले नाही. अजून मला ते जमत नाही.

ते जाण्याआधीची एक दुपार तेवढी सांगते. काकू पलंगाशी बसून त्यांना दहीभात भरवत होत्या. परक्या बाईकडे पाहावं तसे काका त्यांच्याकडे बघत होते. मग अगदी अदबीने म्हणाले, "आपण फार त्रास घेता. आता जरा विमलला बोलवा. तिच्याशी बोलायचंय."

"अहो, मीच विमल."

"नाही हो. ती आत असेल. बोलवा ना."

काकूंनी ताटली माझ्या हातात दिली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाला, बराच वेळ वाहत राहिला, बंद झाला. पदराला हात पुसत त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय हो, बोलावलंत?"

काकांचा चेहरा उजळला.

"कुठे होतीस गं इतका वेळ?"