वेदीपुढची बुट्टी

ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण दर नाताळाच्या आधी साताऱ्यातल्या माझ्या घरी डाळिंबांची एक पेटी येते. नोकरीत होतो तोवर ती आल्या पावली परत पाठवत असे. आता निवृत्त झालोय, म्हणून खातो. आमची सौभाग्यवती दारातूनच ओरडते, "अहो, तुमच्या आरोपीची भेट आली!"

त्या वेळी मी आटपाडी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझं मूळ गाव वडूजच्या बाजूचं, त्यामुळे दुष्काळी भागात मला परकं वाटलं नाही. एके सकाळी हजेरी चालू असताना साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या. पांढरी साडी, पायांत बूट, बोलणं मोजकं. मिरजेच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स म्हणून राबून त्या गावी परतल्या होत्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. लग्न केलेलं नव्हतं. वडिलांकडून वाट्याला आलेल्या तुकड्यात त्यांनी डाळिंबाची बाग उभी केली होती.

"साहेब, झाडाला फळ म्हणून ठेवलं न्हाई ओ," एवढंच म्हणून त्या खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. मी पाणी मागवलं, तर ते त्यांनी आधी आपल्यासोबत आलेल्या राखणदाराला दिलं.

हा राखणदार बायकोसह बागेतल्याच खोलीत बरीच वर्षं राहत होता. नेमका चोरीच्या रात्री तो बागेत नव्हता. आटपाडी भागात डाळिंबाची चोरी म्हणजे नवल नाही. बाहेरून पिकअप येतो, चार माणसं झाडं ओरबाडतात आणि उजाडायच्या आत माल बाजाराच्या वाटेला लागलेला असतो. पण गाडीला बागेचा रस्ता आणि रिकामी वेळ सांगणारा माणूस गावातलाच असावा लागतो. फिर्याद नोंदवून आम्ही जागेचा पंचनामा केला. टायरच्या खुणा ओढ्यापर्यंत होत्या आणि पुढे डांबरी रस्त्यावर हरवल्या होत्या.

दोन दिवसांत खबर आली. माझा खबरी चहाच्या गाड्यावर भेटला आणि म्हणाला, "सायेब, लांब कशाला जाताय? राखणदार बरा त्याच राती गावाला गेला! सवताला बाजूला केलं आन् दुसऱ्यास्नी वाट दावली. गाव तर तेच म्हणतंय."

गाव काय म्हणतं ते पोलिसानं ऐकावं, पण लिहून घेण्याची घाई करू नये. मी राखणदाराला बोलावलं. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला. खुर्ची दिली तर बसेना.

"लेक अडली हुती सायेब. जावयाचा फोन आला. सिस्टरबाईस्नी इचारून आमी दोगंबी गेलो. नातू झाला. त्याचं त्वांड बघून आलो, तर हितं ह्ये आसं."

"कुणाला सांगून गेला होतास?"

"सिस्टरबाईस्नीच. दुसरं कुणाला सांगू?" मग म्हणाला, "सायेब, चोर म्हणून मला त्या खोलीतनं काढत्याल. मी बाग सोडून कुठंबी ऱ्हाईन, पण ह्यो डाग घिऊन कुठं जाऊ?"

लेकीच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात चौकशी केली. तो रात्रभर तिथंच होता, हे खरं निघालं. पण त्यानं तो सुटत नव्हता, कारण त्याच्यावरचा आरोप फळं तोडल्याचा नव्हताच, वाट दाखवल्याचा होता. आणि आपण काही सांगितलं नाही, हे माणूस सिद्ध कसं करणार?

या सगळ्या दिवसांत सिस्टरांचे थोरले बंधू ठाण्यात येत-जात होते. गावात त्यांना मान होता. त्यांची स्वतःची बाग बहिणीच्या बागेला लागूनच, पण चौपट मोठी. ट्रॅक्टर, शेततळं, पक्कं घर, सगळं असलेला माणूस. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. गावातल्या छोट्या चर्चचे ते पंच होते. येताना ते आमच्या हवालदारांसाठी भजी आणत आणि माझ्याजवळ बसून हळहळत.

"सायेब, गरिबी लय वाईट. माणूस मोहात पडतंय. त्याला मारझोड करू नगा, फकस्त बागंतनं काढायला सांगा बहिणीला. ती एकली बाई, तिला ह्ये झेपत न्हाई आता."

बोलणं गोड होतं. पण फिर्यादीपेक्षा तिच्या नातेवाइकाला निकालाची घाई झाली, की मी कान टवकारतो. ही खोड मला नोकरीनं लावली आणि तिनं मला फारसं कधी फसवलं नाही.

मी सिस्टरांना पुन्हा विचारलं, राखणदार त्या रात्री नसणार हे कुणाकुणाला ठाऊक होतं? आधी त्या नाहीच म्हणाल्या. मग एकदम तोंडावर हात ठेवला. "साहेब, मी प्रार्थनेत सांगितलं होतं."

त्यांनी समजावलं ते असं. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांची कुटुंबं कुणा एकाच्या घरी जमत. गाणी होत, एक जण शिकवण देई, आणि शेवटी प्रत्येकानं आपली अडचण बोलून दाखवायची. मग सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी प्रार्थना करायची. त्या गुरुवारी सिस्टर म्हणाल्या होत्या, आमच्या राखणदाराची लेक अडली आहे, तो आज तिकडे गेलाय, तिच्यासाठी प्रार्थना करा. बाहेरच्या कुणाला सांगितलं नव्हतं.

"जमला होतात कुणाच्या घरी?"

"थोरल्याच्या. शिकवणही त्यानंच दिली. लोभावर. शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यावर डोळा ठेवणाऱ्या राजाची गोष्ट. लई रंगवून सांगतो ओ तो! पोरं श्वास रोखून ऐकतात."

प्रार्थनेला बरीच माणसं होती, आणि गोष्ट सांगणं हा गुन्हा नव्हे. निघताना सिस्टर म्हणाल्या, "रविवारी आमचा पिकाचा सण आहे. या साहेब, बरं वाटेल तुम्हाला."

गेलो, साध्या कपड्यांत. चर्चला जाणारी पायवाट थोरल्यांच्या बागेच्या कडेनं जात होती. त्यांची फळं हिरवी होती, लिंबाएवढी. मी शेतकऱ्याचा पोरगा, त्यामुळे नजर आपोआप गेली. डाळिंबाला पाणी तोडून ताण देतात, मग पाणी सोडलं की फूल धरतं. ते कधी सोडायचं त्यावर फळ कधी पिकणार हे ठरतं. सिस्टरांनी पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहार धरला होता, थोरल्यांनी पावसाळा सरतानाचा. म्हणजे त्यांचं फळ उन्हाळ्याच्या तोंडाला लाल होणार होतं.

चर्च सजलं होतं. प्रत्येक घर आपल्या रानातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवत होतं. बाजरीची कणसं, भुईमुगाचे वेल, शेवग्याच्या शेंगा. एका म्हातारीनं पाय बांधलेला कोंबडा ठेवला आणि त्यानं पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत मधेमधे चांगली साथ दिली. शेजारच्या गृहस्थांना मी हळूच विचारलं, "ज्याचं रान नाही तो बाजारातून आणतो का?" ते जवळजवळ दुखावलेच. "छे ओ! घरचं अंडं ठेवावं, पण इकतचं ठेवत न्हाईत. द्येवाला आपल्या कष्टाचंच द्यायचं आसतंय."

तेवढ्यात थोरले उठले आणि त्यांनी लालभडक डाळिंबांनी भरलेली बुट्टी वेदीपुढे ठेवली.

बसलेले सगळे शेतकरीच होते. बऱ्याच जणांना दिसलं असेल. पण पंचांच्या अर्पणाकडे संशयानं कोण बघणार? मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांची नजर बुट्टीवर खिळली होती. मग त्यांनी मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली.

उपासनेनंतर या वस्तूंचा लिलाव होतो. डाळिंबांच्या बुट्टीवर मी बोली लावली. साहेब बोली लावतोय म्हटल्यावर पुढं कोण सरकणार? बुट्टी माझी झाली. संशयित मुद्देमाल पदरच्या पैशानं लिलावात घेणारा अधिकारी खात्यात दुसरा झाला नसावा.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांना नोटीस देऊन बोलावलं. बुट्टी टेबलावर होती. तिच्याकडे बघितल्यावर त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

"थोरले, ही तुमच्या झाडांची?"

"व्हय. म्हंजी... तशी न्हाई. इकत आणल्याली."

"विकतची? देवापुढं?"

मी आवाज चढवला नाही. एक डाळिंब फोडलं, दाणे बशीत काढले आणि त्यांच्यापुढे सरकवले. "घ्या, खा. तुमच्याच बुट्टीतले आहेत." त्यांनी दाण्याला हात लावला आणि काढून घेतला. "तेवढं सांगू नगा सायेब," म्हणाले, आणि मग सगळं बाहेर आलं.

पिकअपवाला दूरच्या बाजारातला होता. प्रार्थना संपल्यावर अंगणात उभं राहून त्यांनी त्याला फोन केला होता. घरात पोरं अजून त्या राजाबद्दल विचारत होती.

"तुम्हाला काय कमी होतं?" मी विचारलं.

"काय बी न्हाई. पर बांधावर हुबं ऱ्हायलं की मला माझी बाग दिसायचीच न्हाई, तिचीच दिसायची. दोन्ही मिळून एक पट्टा कसा झ्याक दिसंल! तिनं दिली न्हाई. म्हटलं, पीक ग्येलं, राखणदार ग्येला, तर कटाळून दील."

"मग ही बुट्टी कशाला?"

"त्यातला वाटा द्येवाला दिला की ऱ्हायल्यालं माझं हुईल, आसं वाटलं."

मी सगळ्या धर्मांचे चोर पाहिले. देवाला भागीदार करून घ्यायची हौस सगळ्यांनाच असते. पण इतकं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नाही. पिकअपमध्ये न मावलेला माल त्यांच्या गोठ्यामागे कडब्याखाली सापडला. पिकअपवालाही धरला.

दोषारोपपत्र गेलं. पुढे सिस्टरांनी भावाशी तडजोडीची तयारी दाखवली आणि न्यायालयानं परवानगी दिली. नुकसान भावानं भरून दिलं. पण सिस्टरांची एक अट होती, आणि ती त्यांनी माझ्यासमोरच भावाला घातली. "माझी माफी नंतर माग. आधी राखणदाराची. त्याच माणसांपुढं, त्याच वेदीपुढं."

तो रविवारही मी चुकवला नाही. राखणदार कधी चर्चमध्ये पाऊल न टाकलेला माणूस, दारातच चप्पल काढून अवघडून उभा होता. थोरले पुढे आले. सांगायला सुरुवात केली ती त्याच राजाच्या गोष्टीनं. पोरं सावरून बसली. दोन वाक्यांतच गोष्ट सोडली. म्हणाले, "पोरांनो, त्यो राजा मीच." मग चालत दारापर्यंत गेले आणि सगळ्यांदेखत राखणदाराचे पाय धरायला वाकले.

राखणदारानं त्यांना वरच्यावर धरलं. मग म्हणाला, "आवं थोरले मालक, त्या राती तुमी समद्यांनी माझ्या लेकीसाठी प्रार्थना केलीसा न्हवं? तुमीबी केलीसा?"

"केली," थोरले पुटपुटले.

"मग झालं. लेक सुखरूप हाय, नातू रांगाय लागलाय. तुमची तेवढी प्रार्थना खरी धरतो मी."

राखणदार आजही त्याच बागेत राहतो. लोभाबद्दल बोलायचं तर, चौकीत मी असे बरेच लोक पाहिले, ज्यांना आपलं दिसतच नव्हतं, बांधापलीकडचंच दिसत होतं. ही व्याधी गरिबीची नाही, भरल्या घरातलीच जास्त. तिच्यावर कायदा उपचार करतो, पण तो उशिराचा. वेळेवरचा उपचार घरातच व्हायला हवा, पोरं ऐकत असताना, आणि सांगणाऱ्यानं आधी स्वतः ऐकून.

पेटी पाठवणारा कोण ते तुम्ही ओळखलंच असेल. तिच्यात वरच्या थराला थोरल्यांच्या बागेतली डाळिंबं असतात आणि खालच्या थराला सिस्टरांच्या; थोरलेही आता बहिणीबरोबरच बहार धरतात. पेटी भरून बांधतो मात्र राखणदार.