कॉम्प्युटरचा कारभार नांदूरघाटला

माझ्या थोरल्या साडूंइतका उदार माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्या उदारपणापायी माझी जेवढी फजिती झाली तेवढी भर वर्गात नकाशा उलटा टांगूनही झाली नव्हती. नेकनूरला त्यांचं कापडाचं दुकान. गाव त्यांना अप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. गिऱ्हाइकाला मीटरमागं चार बोटं कापड जास्त सोडणं वगैरे किरकोळ गोष्टी आहेतच, पण त्यांचा उदारपणा खरा पाहायचा तर त्यांच्या घरचा कॉम्प्युटर सुरू करून पाहायचा. बीडहून जीपमध्ये, गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून आणलेलं ते यंत्र. घरात माणसं पाच आणि पडद्यावर खाती सत्तावीस! प्रत्येकाचं नाव वेगळं, चित्र वेगळं, आत ज्याचा त्याचा संसार वेगळा. यामागं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. "आमी सहा भाऊ आन् ट्रंक एक. माझी चड्डी हुडकायला पाच जणांच्या चड्ड्या उपसाव्या लागायच्या. माणसाला सोताचा म्हणून एक खण पायजे, मास्तर." एकदा गाईला बघायला जनावरांचे डॉक्टर आले. हात धुऊन ते चहाला बसले, तर चहा येईपर्यंत त्यांचं खातं निघालेलं, चित्र घोड्याचं. डॉक्टर पुन्हा त्या खात्याकडं फिरकले नाहीत, पण ते काढून टाका म्हटलं की अप्पा कळवळायचे, "आन् आले म्हंजे? आल्या माणसानं काय उभं ऱ्हायचं?" माझंही खातं होतं. चित्र बदकाचं. ते त्यांनी का निवडलं हे मी कधी विचारलं नाही, आणि पुढं माझी जी गत झाली तिच्यानंतर विचारायची गरजही उरली नाही.

वीज जायची वेळ झाली की अप्पा घरभर ओरडत फिरायचे, "आपापली दारं लावून घ्या रे!" म्हणजे ज्यानं त्यानं आपलं खातं बंद करावं. स्वतः ते यंत्राला हात लावत नसत. चपला उंबऱ्याबाहेर काढून, विभूती लावून ते खुर्चीमागं उभे राहायचे आणि हुकूम सोडायचे. हुकूम पाळायची त्यांची थोरली लेक, नंदा. सगळी खाती तिनंच काढलेली. यंत्र बसवायला आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, यातला मुख्य कोण? मुख्याच्या हातात सगळा कारभार, बाकीच्यांची खाती मर्यादित. अप्पांनी क्षणाचाही विचार केला नाही. "नंदी. घरात तिलाच त्यातलं कळतंय. आमाला ठिवा मर्यादित, आमचं काय अडतंय?"

अडलं ते नंदाच्या लग्नानंतर. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना नांदूरघाटचं स्थळ आलं. माणसं चांगली, शेतीवाडी बरी, पण घाई त्यांनाही आणि अप्पांनाही. परीक्षेच्या आधीच अक्षता पडल्या. लेक गेली आणि तिच्यासोबत तिचा पासवर्डही गेला. घरात रुखवताची यादी तीनदा तपासली गेली, पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग महिनाभरानं कळलं की नवं खातं निघत नाही, बिघडलेलं नीट होत नाही, आणि खुद्द नव्या जावयाला घरात सगळं आहे पण कॉम्प्युटरवर खण नाही. लेक दिली आणि घराचा कारभार तिच्या मागोमाग नांदूरघाटला गेला!

अशात एका रविवारी मला बोलावणं आलं. मी बीडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. सरकारी हुकमानं आम्हा शिक्षकांना तीन आठवड्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करावा लागला होता. तो सगळ्यांनी केला, पण सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर मी एकट्यानंच लावलं, ही माझी चूक. तेव्हापासून सासुरवाडीत मी इंजिनिअर होतो. अप्पांनी मला दुकानाच्या मागं नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, नंदीनं वरीसभर बसून परीक्षेच्या नोट्स टाईप केल्यात. समद्या तिच्या खात्यात हायेत. त्या माझ्या खात्यात आणून द्या. छापून, बांधून घेऊन जातो आन् व्याह्यांच्या पाया पडतो, म्हन्तो लेकराला परीक्षेला बसू द्या." मग कापडाच्या गठ्ठ्यावर उगाच हात फिरवत म्हणाले, "माझं चुकलं हो. एक वरीस थांबलो असतो तर काय आभाळ पडणार होतं?"

मी म्हणालो, मग तिलाच फोन करून पासवर्ड विचारा की! तर मान हलवून म्हणाले, "लेकीला दिल्यालं परत मागत न्हाईत. आन् तिला आशा लावली, उद्या व्याही न्हाई म्हणले, तर त्या पोरीनं काय करावं?" मग मी बाह्या सरसावल्या.

पुढचे तीन रविवार मी त्या यंत्राशी झुंजलो. माझ्या बदकातून शिरलो, अप्पांच्या खात्यातून शिरलो, 'शेअर' असं जिथं जिथं लिहिलं होतं तिथं तिथं टिचकी मारली. दरवेळी इंग्रजीत एक पाटी यायची, की तुम्हाला परवानगी नाही, मुख्याला विचारा. ती पूर्ण वाचायच्या आत मी ओके दाबायचो, कारण मागं अप्पा उभे असत आणि जाणत्या माणसानं पाटी वाचत बसणं बरं दिसत नाही. मग आम्ही पासवर्ड ओळखायला घेतला. अप्पांनी आधी सगळे देव सांगितले, मग सगळ्या म्हशी. दुसऱ्या रविवारी मी डबा खोलला, आत फुंकर मारली, परत लावला तर एक स्क्रू उरला. तो मी हळूच खिशात टाकला. "जास्तीचा देतात," असंही वर म्हणालो.

तिसऱ्या रविवारी मी बीडहून एक सीडी घेऊनच गेलो. तिथल्या एका जाणत्यानं सांगितलं होतं, "फॉरमॅट मारा, सर. समदं कोरं होतंय, पासवर्ड इचारतच न्हाई." सगळं कोरं होतं यातल्या कोऱ्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता. यंत्रानं विचारलं, नक्की? मी बोट उचललं. अप्पा सहज म्हणाले, "मास्तर, ह्यात जाईल काय काय?"

"जुनं सगळंच जाईल की," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता ध्यानात आलं की नोट्सही त्या जुन्यातच आहेत. तोवर अप्पांनी भिंतीवरचं बटण दाबून वीजच तोडली होती. घामानं त्यांची विभूती ओघळली होती. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "चहा घ्या." त्या दिवशीच्याइतका लाजिरवाणा चहा मी आयुष्यात प्यालो नाही.

माझी मेव्हणी, म्हणजे अप्पांची बायको अक्का, दारातून सगळं बघत होती. "दोगं शाणे बाजूला व्हा," म्हणत तिनं नांदूरघाटला फोन लावला आणि रिसीव्हर अप्पांच्या हातात कोंबला. अप्पांनी विहिणीची तब्येत विचारली, म्हशीची विचारली, पाऊसपाणी विचारलं, आणि मग एकदम लहान पोरासारखे म्हणाले, "नंदे, तुझं दार उघडंना गं." सगळं सांगितलं. मग तिचा आवाज मलाही ऐकू आला. "फोनवर न्हाई सांगत. मीच येते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नवराबायको हजर. मी शाळेला दांडी मारून थांबलो होतो. नंदानं पायसुद्धा धुतले नाहीत. खुर्चीवर बसली, खटखट पाच-सात बटणं दाबली आणि वर्षभराच्या नोट्स पडद्यावर उभ्या राहिल्या. अप्पांनी तिथल्या तिथं जावयापुढं हात जोडले, तर तो बिचारा कावराबावरा झाला. "मामा, परीक्षा ऱ्हायलीय हे मला कुनी सांगितलंच न्हाई! बसू द्या की. मी आमच्या वडलांना सांगतो." एवढ्यासाठी आम्ही तीन रविवार म्हशींची नावं टाईप करत बसलो होतो.

निघायच्या आधी नंदा म्हणाली, "अप्पा, आता समदा कारभार तुमच्या खात्यावर करून जाते. परत काकांना तरास नको." माझ्याकडं बघून तिनं हसू दाबलं, ते मला दिसलं. अप्पा म्हणाले, "नको."

"आता कावून?"

"आमच्याच्यानं उघडायला लागलं तर तुला बलवायला निमित्त काय ऱ्हाईल, माय?"

नंदानं मग काही बदललं नाही. नवऱ्याचं खातं मात्र काढलं, आणि डोळे पुसत त्याला चित्र म्हणून मासा दिला.

पुढच्या वर्षी ती पास झाली. नंतर कधीतरी मला कळलं की तसलं यंत्र चालू होताना एक बटण दाबून धरलं की कुणाच्याही पासवर्डावाचून पाच मिनिटांत आत जाता येतं. मी धावतपळत नेकनूरला गेलो आणि हे गुपित अप्पांना सांगितलं. त्यांनी आधी उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि माझा हात धरला. "मास्तर, हे घरात कुनाला कळू देऊ नगा." मी कुणाला कळू दिलं नाही. तीन आठवड्यांच्या त्या कोर्सचा मी केलेला एवढाच काय तो नीट उपयोग. आज सांगतोय, कारण अप्पा जाऊन चार वर्षं झाली, आणि नंदाला बोलवायला त्या घरात आता कुणी निमित्त शोधत नाही.