बसला

माझा धाकटा भाऊ हँडबॉल संघाचा फिजिओथेरपिस्ट. खेळाडू त्याला मालिशवाला म्हणतात आणि त्याला ते चालतं. मानापमान त्याने केव्हाच गुंडाळून ठेवला. पण निखळलेला खांदा बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मान्य करते.

त्याचाच मुलगा, माझा भाचा, त्या संघाचा गोलकीपर. हंगामात दोनदा त्याचा उजवा खांदा निखळला. सर्जनने स्वच्छ बजावलं होतं: दुखणं थांबू दे, दोन्ही हातांचा जोर सारखा होऊ दे, मग खेळ, नाहीतर नस जाईल, हात उचलता येणार नाही. इतर खेळाडू खांद्याला पट्टा बांधून हंगाम काढतात. पण पट्टा हात वर जाऊ देत नाही, आणि हात वर न जाणारा गोलकीपर म्हणजे गोलचा तिसरा खांब. म्हणून भाऊ नुसती चिकटपट्टी लावायचा.

"हा काय फुटका पाइप आहे?" मी विचारलं.

"ताई, तू आपलं व्याकरण शिकव."

उपांत्य सामन्यात, मध्यंतराच्या तोंडावर, खांदा तिसऱ्यांदा निखळला. मी कपडे बदलायच्या खोलीत धावले. भावाने एका झटक्यात हाड बसवलं.

"बाबा, दंड बधिर झालाय."

तेवढ्यात प्रशिक्षकाने दारातून डोकं आत घातलं. "बसला का?"

"बसला," भाऊ म्हणाला.

"मग चला, वाघोबा. पाच मिनिटं आहेत."

भाऊ आता सांगतो, त्याला म्हणायचं होतं की पोरगा बाकावर बसला, त्याचा खेळ संपला. प्रशिक्षकाने ऐकलं, खांदा बसला. असेलही. पण पाच मिनिटं होती. 'खांदा बसला, पोरगा खेळणार नाही' एवढं बोलायला पदवी लागत नाही. तो चिकटपट्टी कापत राहिला. भाच्याच्या बुटाची नाडी मी बांधली, एकट्या डाव्या हाताने त्याला जमेना.

"जाऊ का बाबा?"

"झेपत असेल तर बघ."

"नको जाऊस," मी म्हटलं.

"आत्या, तू बाहेर थांब ना जरा."

सामना जिंकला. पण उत्तरार्धाच्या दहाव्या मिनिटाला खांदा पुन्हा निखळला आणि नस गेली. ऑपरेशनने सांधा पक्का झाला, हात मात्र खांद्यातून वर उचलला जात नाही. सर्जन म्हणाला, आता उचलला जाणारही नाही.

अंतिम सामन्याला दुसरा गोलकीपर उभा राहिला. त्याचाही खांदा कुरकुरतो म्हणे. भाऊ चिकटपट्टीची रिळं घेऊन कामावर गेला. भाच्याला शर्टात हात घालायला माणूस लागतं, म्हणून मी घरी थांबले.