पाचशेवी निरोगी

म्हैसूरच्या एका मेडिकल कॉलेजात श्वास मोजायच्या यंत्रापाशी जयशीला बसायची. नाकाला चिमटा, तोंडात नळी, की हिचा गजर सुरू: "फुंक, फुंक, अजून, सोडू नकोस!" लाजऱ्या पोरींना ती डोळे वटारून फुंकायला लावायची. तिथल्या धडधाकट तरुण मुलींची छाती किती हवा सोडते, याचा तक्ता बनत होता. परदेशी बायकांच्या तक्त्यावर आपल्या पोरी उगाच आजारी ठरतात, असं हे संशोधन करणाऱ्या नागरत्ना मॅडमचं म्हणणं. त्यांना अठरा ते पंचवीस वयाच्या पाचशे मुली हव्या होत्या.

यंत्र नीट चाललंय ना, हे बघायला रोज सकाळी एका निरोगी माणसानं आधी फुंकायचं. ते माणूस जयशीला. वय चोवीस, दोन पॉइंट नऊ लिटर, दोन वर्षं फरक नाही. एक वेळ यंत्र चुकेल, जयशीला चुकणार नाही, असं मॅडम पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या.

आणि एके दिवशी आकडा घसरला. दोन सात. पुढच्या महिन्यात दोन पाच. तिनं मोठ्या पिचकारीनं मोजून तीन लिटर हवा यंत्रात ढकलली. यंत्रानं बरोबर तीन दाखवले. म्हणजे चूक यंत्राची नव्हती.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. घर म्हणजे एक खोली. तिथं सासू, पुट्टतायम्मा, दिवसभर पाटावर उदबत्त्या वळायची आणि कामावरून आली की जयशीलाही पाटाशी बसायची. उदबत्तीच्या मसाल्यातली कोळशाची भुकटी उशीत, ताटात, नाकात. खोकला जात नाही, असं ती एकदा बोलून बघायला गेली.

"माझा तीस वर्षं गेला नाही," सासू म्हणाली. "मेले का मी?"

मॅडमना सांगायचीही सोय नव्हती. छातीचं दुखणं असलेल्याला यंत्रापाशीच्या खुर्चीत ठेवत नाहीत, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. खुर्ची गेली की सकाळपासून पाटच. बिचारीनं करायचं तरी काय? रोज फुंकायची, खरा आकडा पुसायची आणि वहीत दोन नऊ लिहायची.

शेवटच्या दिवशी चारशे नव्याण्णव झाल्या आणि पाचशेवी मुलगी आलीच नाही.

"अगं, तू आहेस की," मॅडम म्हणाल्या. "बस."

नळी मॅडमनी स्वतः धरली. फुंक, फुंक, अजून, सोडू नकोस. तिचेच शब्द तिच्या कानावर आदळत होते. दोन पॉइंट दोन. लाजतेस काय म्हणून पुन्हा फुंकायला लावलं. तिसऱ्यांदा खोकल्याची उबळ आली आणि फुंकून झालेल्या, बाकावरच्या मुली खुदकन हसल्या.

मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. यंत्र बरोबर आहे, एवढंच सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांसमोर पाट आला.

"मॅडम, यंत्र..."

"बिघडलंच ना मेलं? तुझ्यामुळे कळलं तरी. सकाळचा आकडा आहे ना वहीत? तोच टाक."

जयशीलानं आपल्याच हातानं लिहिलं: पाचशे, वय चोवीस, निरोगी, दोन पॉइंट नऊ. मग त्या चांगल्या यंत्रावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली आणि उदबत्त्या वळायला घरी गेली.