पाठीतलं पाणी

माझी मुलगी बरी होऊन आता जिन्यावरून धावत सुटते, तरी त्या काकांची आठवण झाली की माझं डोकं फिरतं.

मुलुंडच्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेरच्या बाकावर ते रोज थर्मास घेऊन बसायचे. ओळख ना पाळख, चहाचा कप पुढे करायचे आणि विचारायचे, "पेशंटला काय झालंय?"

मुलीला मेंदूज्वर झाला होता. पाठीतलं पाणी तपासलं तरच जंतू कुठला ते कळेल, तोवर औषध अंदाजानेच द्यावं लागेल, असं डॉक्टर सांगत होते. मी सही करायला उठले, तर काका माझ्या सासूबाईंना म्हणाले, "पाणी काढू देऊ नका हो. पोर कायमची लुळी पडेल."

झालं! सासूबाईंनी माझा हात धरला तो सोडेचनात. अर्धा दिवस त्यातच गेला. या काकांना विचारलं होतं कोणी? बरं, आवाज इतका मऊ की भांडताही येईना.

शेवटी मी हात सोडवून घेतला, सही केली आणि परत येऊन काकांवर उखडले. "तुमचा पेशंट कुठाय? त्याच्याकडे बघा ना जरा!"

त्यांनी थर्मासचं झाकण सावकाश लावलं. "माझा मुलगा इथेच होता, गेल्या वर्षी. मी नाही काढू दिलं पाणी."

"मग?"

"गेला. कशाने, ते कोणालाच कळलं नाही." मग मान वर करून, जवळजवळ अभिमानाने म्हणाले, "पण पाय हलवत होता हं. शेवटपर्यंत."