खाजगी वकिली कशाला म्हणायचं

नेल्डा हॅगरमन आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, सरकारी वकील म्हणून निवडून आली, तेव्हा टेक्ससच्या या कोपऱ्यात तिच्याइतकी चालती वकिली दुसऱ्या कुणाची नव्हती. खरेदीखतं, घटस्फोट, कुंपणावरून हमरीतुमरीवर आलेले भाऊ, सगळे तिच्याच पायऱ्या चढायचे. सरकारी काम ती अर्धा दिवस करायची. तिला स्वतःची खाजगी वकिली बंद करायला लावली ती व्हर्जिल प्रुइटने.

व्हर्जिल काउंटी मंडळाचा अध्यक्ष. दोघं शाळेपासूनचे सोबती, शुक्रवारच्या डॉमिनोजच्या, म्हणजे ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या, डावातले जोडीदार. मी मंडळाची आणि कोर्टाची कारकून, म्हणून यातलं बरंचसं माझ्यासमोरच घडलं.

"तू पूर्ण वेळ आमची हो," व्हर्जिल तिला म्हणाला. "कायदाच आहे तसा. जो सरकारी वकील खाजगी वकिली करत नाही, त्याला जादा पगार. मंडळ देईल."

"आणि उद्या मंडळाचं मन फिरलं तर?"

"मी बसलोय ना तिथे."

नेल्डाने अशिलं शेजारच्या गावच्या वकिलाला देऊन टाकली आणि दारावरची पाटी उतरवली. जादा पगार तिच्या जुन्या मिळकतीच्या पासंगालाही पुरत नव्हता. तरी ती खुशीत होती. मला म्हणायची, "डोरीन, आता खटला नीट वाचून तरी उभी राहते मी."

पुढे व्हर्जिलच्या आईला, इमोजीनबाईंना, हृदयाचा झटका आला. दवाखान्यात त्यांनी धोशा लावला, मृत्युपत्र करायचंय, आणि नेल्डाकडूनच. व्हर्जिलने फोन केला. नेल्डा म्हणाली, "माझं बाहेरचं काम बंद आहे रे."

"हे काम कुठलं? म्हातारीचं समाधान आहे. तू परकी आहेस का?"

ती गेली, खाटेशेजारी बसून मृत्युपत्र लिहून दिलं. इमोजीनबाई त्या झटक्यातून वाचल्या, आणि महिन्याभराने स्वतः भाजलेला पेकान पाय, अक्रोडासारख्या पेकानचं गोड पक्वान्न, घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या वसंतात व्हर्जिलचा पुतण्या कोल्टन दारू पिऊन गाडी चालवत होता. पशुखाद्याच्या दुकानासमोर त्याने रस्ता ओलांडणाऱ्या लूपे अरेडोंडोला उडवलं. लूपेचा एक पाय गुडघ्यापासून कापावा लागला. व्हर्जिल नेल्डाच्या खोलीत आला तेव्हा मी कागदांवर सह्या घेत होते. त्याला माझी अडचण वाटली नाही.

"पोरगं आहे गं. दंड कर, परवाना काढून घे. तुरुंग नको."

"हे लूपेला जाऊन सांगशील?"

तो हॅट उचलून गेला. त्या शुक्रवारी तो डॉमिनोजला आला नाही. नेल्डा म्हणाली, "घरचं दुखणं आहे. येईल निवळून."

तो निवळला नाही. अंदाजपत्रकाच्या बैठकीत त्याने विषय काढला, तेव्हा कुठे आम्हाला कळलं. त्याने राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे परस्पर मत मागवलं होतं: पदावर असताना मृत्युपत्र करून देणारी सरकारी वकील जादा पगाराला पात्र राहते का? उत्तर मोठं गुळमुळीत होतं. खाजगी वकिली म्हणजे काय हे कायद्यात सांगितलेलं नाही. एखादं फुटकळ काम म्हणजे वकिली चालवणं नव्हे, असंही म्हणता येईल. पण घडलं काय, हे मंडळानेच ठरवायचं.

नेल्डा उठली. आवाज अगदी साधा. "मृत्युपत्र मी केलं. ते कुणी करायला सांगितलं, हे अध्यक्षांना ठाऊक आहे."

व्हर्जिल समोरच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "सांगितलं कुणी हा प्रश्नच नाही. केलं का, एवढाच आहे."

तेवढ्यात मागच्या बाकावरून इमोजीनबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. त्या आल्यात हे मुलालाही माहीत नव्हतं. "मी सांगते. या पोरीने माझ्याकडून एक सेंट घेतला नाही. मी घेऊन गेले तो पेकान पाय तेवढा ठेवून घेतला, तोही नको नको म्हणत."

क्लीट्स नावाचा सभासद, व्हर्जिलचा मेव्हणा, हळूच म्हणाला, "म्हणजे मोबदला घेतला म्हणायचा."

कुणीतरी हसलं. इमोजीनबाईंना आधी कळलंच नाही. मग त्या व्हर्जिलकडे वळल्या. "मी काही वाईट बोलले का रे?"

व्हर्जिलने ठराव मताला टाकला. एक सोडून सगळे हात वर गेले. जादा पगार बंद, आणि मृत्युपत्राच्या दिवसापासून दिलेला परत घ्यायचा. हे सगळं माझ्याच हाताने लिहिलं मी.

दुसऱ्या दिवशी मी नेल्डाच्या घरी गेले. "अपील कर. कायदा तुझ्या बाजूने आहे."

"आहेच. कोर्टात हा अर्थ टिकणार नाही. पेकान पाय खाल्ला म्हणजे फी घेतली, असं कुठला न्यायाधीश म्हणेल?" ती ओट्याला टेकून उभी होती. "पण साक्षीला इमोजीनबाईंना उभं करावं लागेल, डोरीन. पोराच्या विरुद्ध. काल त्यांचं तोंड पाहिलंस ना?"

"मग व्हर्जिल सुटला म्हणायचा."

"त्याला हे माहीत होतं. मी त्यांना कोर्टात ओढणार नाही, हे तो धरूनच चालला होता. त्याच्याइतकं मला कोण ओळखतं?"

तिने पैसे भरले. कोल्टनचा खटला स्वतः चालवला, ज्युरीपुढे मंडळाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याला चार वर्षांचा तुरुंगवास झाला. शिक्षा ऐकताना व्हर्जिल पहिल्या बाकावर होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही. तिची जुनी अशिलं आता दुसऱ्याची झाली होती आणि ती मागून घेणं तिला जमण्यासारखं नव्हतं. शंभर मैलांवरच्या एका काउंटीत तिने सहायक वकिलाची नोकरी धरली. व्हर्जिल मात्र बिनविरोध निवडून आला.

ती गाव सोडून निघाली त्या सकाळी त्याने काउंटीच्या रस्तेखात्याची दोन माणसं ट्रक घेऊन पाठवली, सामान चढवायला. नेल्डाने त्यांना कॉफी दिली, बायकामुलांची चौकशी केली, आणि परत पाठवलं. पलंग आम्ही दोघींनी ओढला.