लालावा, वेल्डिंगसकट

निपाणीहून सकाळच्या बसने निघालो तेव्हा मी खुशीत होतो. शेजारी सुजाताताई बसल्या होत्या. त्या निपाणीच्याच, शिल्पकार. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर जाऊन एका म्हाताऱ्या कारागिराकडे दोरीची बांधणी शिकून आलेल्या. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याच्या फाटकाशी त्यांनी जुन्या लोखंडी पाइपांचं मोठं शिल्प त्याच पद्धतीने बांधलं होतं. दुपारी त्याचं अनावरण होतं, आणि ते पाहायला मी मुद्दाम पुण्याहून आलो होतो.

संकेश्वरला उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला. चहा दोनदा झाला, त्यातला अर्धा माझ्या सदऱ्यावर. मी विचारलं, "ताई, खिळा नाही, नटबोल्ट नाही, मग ते उभं कसं राहतं?" त्यांनी पिशवीतून काथ्याची दोरी काढली आणि माझी दोन बोटं फुलीसारखी बांधून टाकली.

"ह्याला लालावा (काथ्याच्या दोरीची बांधणी) म्हणत्यात. तिकडं होड्या अशाच बांधत्यात. लाट आली की सांधा जरासा हलतोय, म्हणून मोडत न्हाय. माझं बी वाऱ्यात हलतंय बघा."

मी बोटं हलवून पाहिली. हलली, सुटली मात्र नाहीत.

बेळगावात उतरल्यावर खडेबाजारातून कुंदा (दूध आटवून केलेली खरपूस मिठाई) घेतला. मी उभ्याउभ्याच खाल्ला. ताईंनी एक पुडा बांधून घेतला, शिल्प बांधताना दोर ओढायला हात लावलेल्या कामगारांसाठी.

फाटकाशी पोचलो. ताईंनी एका सांध्यावर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. काथ्या गायब होता. एकूण एक सांधा वेल्डिंग केलेला, आणि त्यावर लग्नाच्या मांडवाला गुंडाळावी तशी पिवळी नायलॉनची दोरी.

कारखान्याचे मालक हात जोडत आले. "आक्का, वाऱ्यानं कुरकुरत होतं, म्हणून आमच्या माणसांकडनं पक्कं करून घेतलं. आता हत्ती टेकला तरी हलणार न्हाय."

"हलायला पायजे होतं, अण्णा."

"डिझाइन हाय तशीच ठेवलीया की. वरनं दोरी हायच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे डिझाइन! जी दोरी भार पेलत होती ती कापून टाकायची, वर शोभेची गुंडाळायची आणि वर शाबासकीही मागायची. मी बोलायला तोंड उघडलं, तर कुणीतरी पाहुणा समजून मला खुर्ची आणून दिली.

ताई शांत होत्या. मला त्याचाही राग आला. "हे आता माझं न्हाय," त्या म्हणाल्या. "खालची माझ्या नावाची पाटी तेवढी काढा."

मालकांनी सुपरवायझरकडे पाहिलं. तो ओशाळला. "आक्का, पाटी बी वेल्ड केलीया."

"मग कापून काढा."

"आता ऱ्हाऊ द्या की," मालक म्हणाले. "पाहुणे आलेत."

ताईंनी कुंद्याचा पुडा कामगारांना दिला आणि आम्ही निघालो. मागे टाळ्या वाजल्या. परतीच्या बसमध्ये निपाणी जवळ आल्यावर ताई म्हणाल्या, "तुम्ही प्रवासाचं लिवता न्हवं? मग ते माझं न्हाय, एवढं लिवा."

पुण्याला परतलो आणि लिहायला बसलो. पक्कं करायची आपल्याला भारी हौस. ज्याची वस्तू त्याला मात्र विचारायचं नाही. तुम्ही कधी उद्यमबागेतून गेलात तर पिवळी दोरी गुंडाळलेलं ते लोखंड दिसेल. खाली सुजाताताईंचं नाव आहे. ते खोटं आहे.